तंबू उचलणार कोण

दोन माणसांचा तंबू म्हणजे दोन सडपातळ आणि एकमेकांशी न भांडलेल्या माणसांचा तंबू. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी माझा ठाम समज होता की तंबूतलं मला सगळं कळतं, कारण मी पालात जन्मलोय. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. दोन दांडक्यांवर जाड कापड ताणून केलेलं पाल, हेच सात वर्षांचा होऊन आश्रमशाळेत जाईपर्यंत माझं घर. आता मुकुंदवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत चुका काढायच्या, हे माझं काम. घरी येऊनही तेच करतो, असं बायको म्हणते.

तंबूचा विषय तिनंच काढला, तोही दवाखान्याच्या बाकावर. तिच्या कॅन्सरवरच्या किरणांचे शेवटचे दिवस चालू होते. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं, काखेतल्या गाठी काढून झाल्या होत्या, केमोनं गेलेले केस बोटभर परत आले होते. मांडीवर रिपोर्टांच्या फाईलची कापडी पिशवी घेऊन ती बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे संपलं की मला गाडीवर फिरायला न्या. हॉटेलात नाय. तंबूत."

"तुला? रानात?" मला हसूच आलं. ती फुलंब्रीची, एसटी कंडक्टरची मुलगी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं म्हटलं तरी जिन्याचं दार लावलंय का ते तीनदा बघून येणारी.

"हसू नका. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. दोनदा बॅग भरली आन् दोनदा रिकामी केली मी."

खरं होतं ते. एकदा माझा ओव्हरटाईम आडवा आला आणि एकदा माझी माय आजारी पडली. दोन्ही वेळा ती काही न बोलता कपडे परत कपाटात ठेवत बसली होती, आणि मी, देवा शप्पथ, सुटलो एकदाचा असं मनात म्हणालो होतो.

"आता तिसऱ्यांदा रिकामी करणार नाय," ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. पिशवी काखोटीला मारून ती गेली.

डॉक्टरनं तिच्या डाव्या हाताबद्दल बजावलं होतं. गाठी काढल्या की हात सुजतो, तेव्हा घट्ट बाही घालायची, त्या हातानं जड उचलायचं नाही. मी हे एवढं मनावर घेतलं की वर्षभर तिच्या हातात काहीच राहू दिलं नाही. हंडा घेतला, कुकर घेतला, दळणाचा डबा घेतला, भाजीची पिशवी घेतली. एकदा तर प्यायच्या पाण्याची बाटली घेतली. "अहो, एवढी उचलते की मी," ती म्हणायची. "ठेव, ठेव," मी म्हणायचो. मला वाटायचं, मी लई जीव लावतोय.

किरणं संपली आणि मी तंबूच्या मागं लागलो. मी मागं लागलो म्हणजे कसं, ते कंपनीतल्या पोरांना विचारा. आमची गाडी एकशे पंचवीस सीसीची, त्यावर दोन माणसं आणि बिऱ्हाड. म्हणून बॅगा मोजायचा हुकाचा काटा आणला आणि घरातली एकेक वस्तू लटकवायला सुरुवात केली. पातेलं, सतरंजी, चादरी, स्टोव्ह. सगळं वहीत मांडलं. काटा खरं बोलतो की नाही हे बघायला दारामागच्या खिळ्यावरची कापडी पिशवीही अडकवली. दोन किलो तीनशे. एक्सरे, सीडी, दीड वर्षाचे रिपोर्ट. ते मात्र वहीत लिहिलं नाही, कारण ती पिशवी काही आपल्याबरोबर फिरायला येणार नव्हती.

मग दुकानात जायची वेळ आली तेव्हा मी माझ्या वडलांना घेऊन गेलो.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माय गेल्यापासून आमच्याकडं असतात. मेंढरं चुलतभावाकडं सोपवली आणि तेव्हापासून बाल्कनीत बसून रस्त्यावरची गाढवं-कुत्री मोजतात. माझ्या डोक्यात साधा हिशेब: जन्म पालात काढलेला माणूस घरात बसलाय, तर तंबूतलं याच्याएवढं कुणाला कळणार? बायकोला सांगितलंही नाही. म्हटलं, एकदम आणून समोर ठेवू.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, दखनीत बोलणारा. त्यानं दोन तंबू फरशीवर मांडले. एक करड्या रंगाचा, पातळ कापडाचा, एक किलो सातशे. दुसरा हिरवा, जाड, चार किलोला थोडा कमी. आबांनी लोकर बघतात तसं करडं कापड दोन बोटांत चोळलं.

"हे काय, लुगड्याचा पदर हाय का?" ते म्हणाले. "माळावरच्या वाऱ्यानं पाचोडावरून पैठणला जाईल हे. तो हिरवा बघ. ह्याला म्हणतात कापड."

मला काय आनंद झाला! कित्येक महिन्यांत आबा एवढे बोलले नव्हते. ते खुंट्या वाकवून बघत होते, शिवण ओढून बघत होते, आणि मी दुकानदाराकडं बघत होतो, बघा आमचा माणूस, अशा तोऱ्यात.

दुकानदार म्हणाला, "भाई, वो सब ठीक है. उठाते कौन, पैले वो बोलो."

"मी," मी म्हणालो. "मीच उचलणार. दुसरं कोण?"

त्यानं खांदे उडवले आणि हिरवा तंबू पिशवीत भरला.

घरी बायकोची बॅग भरून झालेली होती. दोन ड्रेस, स्वेटर, टोपी, बाहीचा दुसरा जोड. तंबू बघून तिचा चेहरा फुलला, अगदी लहान पोरीसारखा. पुढं येऊन तिनं उजव्या हातानं पट्टा धरला, उचलला. गुडघ्यापर्यंत आला आणि तिनं तो खाली ठेवला.

"हा मी कसा उचलू?"

"तू कशाला उचलतीस? मी आहे ना. तू नुसतं मागं बसायचं."

"सामानासारखं?"

"आता यात सामान कुठून आलं?"

"कुणाला इचारून घेतला?"

"आबांना. त्यांना कळतं त्यातलं."

"आन् झोपणार कोण त्यात?"

माझं डोकं फिरलं. काटा आणला, वही केली, दोन आठवडे मोबाईलवर डोळे फोडले, आणि वर ही उलटतपासणी! मी ओरडलो, "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

ती ओरडली नाही. "वर्ष झालं, सगळं माझ्यासाठीच चाललंय," ती म्हणाली. "त्यात मीच कुठं नाय." मग तिनं बॅगेची चेन उघडली, स्वेटर काढला, ड्रेस काढले, आणि एकेक करून कपाटात ठेवले. मी दारात उभा राहून बघत होतो. तिसऱ्यांदा बॅग रिकामी झाली.

पुढचे चार दिवस घरात भांड्यांचाच आवाज. चहा मिळायचा, जेवण मिळायचं, पण तंबूचं नाव नाही. मला राग होता आणि रागाखाली भीतीही होती. तीन महिन्यांची तपासणी जवळ आली होती. तिला जे एकच हवं होतं ते मी माझ्या हातानं घालवलं की काय, हे मनातून जाईना. पण कबूल कोण करणार? मी ठरवलं, गच्चीवर तंबू लावून दाखवायचा. उभा केलेला बघितला की तिचंही मत बदलेल.

रविवारी सकाळी आबांना घेऊन गच्चीवर गेलो. खुंट्या ठोकायला माती नव्हती, म्हणून कोपऱ्यांना विटा. दांड्या जोडल्या तर एक लांब, एक आखूड. कापड पसरलं तर वरची बाजू कुठली ते समजेना.

"आबा, हे दांडकं कुठं बसतं?"

ते हात पाठीमागं बांधून टाकीजवळ उभे होते. "तूच बघ."

"तुम्ही कसं लावायचा?"

ते खाली रस्त्याकडं बघायला लागले.

"आबा?"

"म्या कव्हाच लावलं नाय," ते म्हणाले.

मी दांडी खाली ठेवली. "म्हणजे?"

"पाल बाईमाणसानं लावायचं असतंय. तुझी माय लावायची. आमी मेंढरं चारत चारत यायचो, ती घोडीवर बिऱ्हाड घालून म्होरं जायची. आमी पोचायच्या आत पाल लागलेलं, चूल पेटलेली. वाघूर तेवढी म्या लावायचो, मेंढरं कोंडायचं जाळं. पालाला हात लावला नाय. लावायला बी नाय, मोडायला बी नाय."

"अहो, मग दुकानात एवढं छातीठोक सांगत होता ते?"

"तू इचारलं," ते म्हणाले. "मला आता कोन इचारतंय काय? इचारलं, म्हून सांगितलं."

मला त्यांच्यावर भडकायचं होतं. पण भडकणार कुठल्या तोंडानं? सात वर्षं मी त्या पालात झोपलो होतो. कापडाला एक भोक होतं, त्यातनं सकाळचं ऊन माझ्या पोटावर पडायचं, ते मला आठवत होतं. कुत्र्याच्या अंगाचा वास आठवत होता. पाल रोज कोण उभं करतं, हे मात्र मला एकदाही आठवलं नव्हतं. आणि आता आठवायला लागलं: माय, तोंडात दोरीचं टोक धरलेली, एका हातात दगड, दुसऱ्या हातानं खुंटी, आणि पाठीला मी.

आबा कुणी न विचारताच पुढं बोलत होते. "तू झालास तव्हा पाचोडच्या पल्याड माळावर तळ हुता. पाचव्या दिशी उठली, पाल मोडलं, घोडीवर घातलं."

"आणि तुम्ही?"

"मेंढरं म्होरं गेली हुती." त्यांनी टाकीवर हात ठेवला. "एकदा म्हणली, पाल भिजलं की उचलत नाय, बारकं शिवून द्या. म्या म्हणलं, लोक काय म्हणतील? एवढ्या मेंढरांचा धनी आन् पाल खोपटाएवढं? मंग परत बोलली नाय. मरंस्तवर बोलली नाय त्यावर."

जिन्याच्या दारात बायको उभी होती. वाळलेले कपडे न्यायला आली होती, आणि कधीपासून उभी होती कोण जाणे. ती आबांना मामा म्हणते, मायला आत्याबाई म्हणायची. "मामा, खाली चला, ऊन लागंल," एवढंच म्हणाली.

आबा तिच्यासमोर जाऊन थांबले. सुनेच्या तोंडाकडं थेट बघायची त्यांना सवय नाही, ते तिच्या हातातल्या रिकाम्या टोपलीकडं बघत म्हणाले, "पोरी, म्या चूक सांगितलं ह्याला. मला पालातलं काय कळत नाय. तू निवड."

माझ्या बापाला चूक म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग मीही म्हणालो. त्यांच्याएवढं चांगलं नाही जमलं. "माझंबी चुकलं," असं काहीतरी पुटपुटलो आणि तंबू पिशवीत कोंबायला लागलो. तो पिशवीत मावेना. ती बघत राहिली आणि मग एकदाची हसली. "द्या इकडं. हवा काढायची असती आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात. दुकानदारानं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "अब आई ना बात." तिनं चपला काढल्या आणि गिऱ्हाइकांसमोर सरळ तंबूत जाऊन आडवी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेन उजव्या हातानं ओढून बघितली, डाव्या हातानं ओढून बघितली, कुशीवर वळून बघितलं. दांड्या स्वतः जोडल्या, दोनदा चुकल्या, दुकानदाराला हात लावू दिला नाही. शेवटी तोच करडा, लुगड्याच्या पदरासारखा. पिशवीत भरून उजव्या खांद्याला अडकवला आणि दुकानात इकडून तिकडं चालून दाखवलं. हिरवा त्यानं परत घेतला.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरनं फिल्म उजेडावर धरली आणि एका ठिपक्याभोवती पेनाचं टोपण फिरवलं. काही नसेलही, म्हणाला. सोमवारी अकराला या, सुईनं तुकडा काढून बघू.

बाहेर आल्यावर मी गाडीला किल्ली लावू शकलो नाही. तीच म्हणाली, "रविवारी जाऊ. आत्याबाईंचा तो माळ दाखवा मला. तिथनंच सोमवारी दवाखान्यात."

"सोमवार होऊन जाऊ दे. मग निवांत जाऊ."

"सोमवारच्या म्होरलं कुणी सांगितलंय?" ती म्हणाली. ती पहिल्यांदाच असं बोलली. एवढ्या दिवसांत मला वाटत होतं, घाबरतो तो मी, ती नाही.

रविवारी निघताना आबांना विचारलं, माळ नक्की कुठला? त्यांनी खुणा सांगितल्या: ओढा, पल्याड लिंबाचं झाड, वर खडक. आणि म्हणाले, "आता बाकीचं काय इचारू नको." बायकोला मात्र घोंगडं दिलं. "हे ह्याला उचलू दे," म्हणाले.

पाचोडच्या पुढं गाडी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर लावली आणि बांधावरनं चालत गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. लिंबाचं झाड काही सापडलं नाही, पण ओढा होता आणि खडक होता. तिनं खांद्यावरचा तंबू उतरवला, वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि कामाला लागली. जमीन टणक. खुंटी आत जाईना. ती उजव्या हातात दगड घेऊन ठोकत होती, डाव्या हातानं, त्या बाहीतल्या सुजलेल्या हातानं, कापड नुसतं दाबून धरलं होतं. एकदा वाऱ्यानं सगळं उलटून टाकलं. मी पुढं झालो.

"बसा खाली," ती ओरडली. "मेंढरं बघा!"

मेंढरं कुठली? पण बसलो. माझ्या लक्षात आलं, माझेही हात पाठीमागं बांधलेले होते. ते सोडून मी गुडघ्यांवर ठेवले. सूर्य ज्वारीपर्यंत खाली आला तेव्हा तंबू उभा राहिला, जरासा वाकडा, एका बाजूला ढिला. क्वालिटीत नापास. मी एक शब्द बोललो नाही.

आत शिरलो तर माझं कोपर तिच्या बरगडीत. "दोन माणसं म्हणे!" ती म्हणाली आणि खुदकन हसली, मग खूप हसली, मग तिनं मान वळवली. उशाशी कापडी पिशवी होती, सोमवारची.

सकाळी तंबूवर दव पडून कापड ओलंचिंब झालं होतं. तिनं एकटीनं तो मोडला, झटकला, घड्या घातल्या, आणि हवा काढून पिशवीत बसवला. मी म्हणालो, "दे, ओला झालाय. जड झाला असेल."

"झालाय," ती म्हणाली. "उचलतीय मी." उजव्या खांद्याला अडकवून ती उठली आणि तशीच उभी राहिली. "अहो, मला लई भीती वाटतीय."

"मलाबी," मी म्हणालो. दीड वर्षात आम्ही दोघांनी हे एकमेकांना पहिल्यांदा सांगितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही दोघंही रडलो, उघड्या माळावर, कुणी बघेल याची पर्वा न करता.

मग मी घोंगडं, स्टोव्ह, पातेलं, सगळं अंगाखांद्यावर घेतलं. दगडाजवळ कापडी पिशवी राहिली होती. दवाखान्याला निघताना ती नेहमी तीच घेते. आजवर मी तिच्या हातातनं बाटलीसुद्धा काढून घेतली होती, पण ही पिशवी कधी मागितली नव्हती.

तिनं पिशवीकडं बघितलं. "ती तुम्ही घ्या."

मी वाकून उचलली. दोन किलो तीनशे, शुक्रवारची नवी फिल्म सोडून.

"जड हाय का?" तिनं विचारलं.

"लई," मी म्हणालो.

"मंग," ती म्हणाली, आणि तंबू सावरत बांधावरनं पुढं चालायला लागली.